रोज एक खरं वाक्य

आमच्या घरी संध्याकाळी सात वाजता प्रार्थना व्हायची. आईची दुपारची ड्यूटी असली तर आई नसायची, मला ताप असला तर मी पडल्या पडल्या ऐकायची, पण प्रार्थना व्हायचीच. एकदा चाळीच्या मालकाचा माणूस गॅलरीचं गळकं छप्पर बघायला नेमका सातला आला, तर बाबांनी त्यालाही सतरंजीवर बसवून घेतलं. तो बिचारा पंचवीस मिनिटं हात जोडून बसला आणि छप्पर न बघताच निघून गेला. त्यानंतर तो कायम सकाळी येऊ लागला.

डिलाईल रोडवरच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली होती. बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. ते स्वतःला मुद्रितशोधक म्हणवत, चाळ त्यांना प्रूफवाले म्हणे. साडेसहाला घरी येऊन हातपाय धुवायचे, धुतलेला सदरा घालायचे, बोटांवरची शाई साबणाने घासून घासून अर्धी काढायचे आणि सातच्या ठोक्याला बसायचे. आधी एक गीत, मग शास्त्रवाचन, मग आळीपाळीने प्रार्थना. बाबांची प्रार्थना घरापासून सुरू व्हायची, नगरच्या सगळ्या नातेवाइकांकडून जायची, तिथे प्रत्येकाच्या आजाराची नावं घ्यायची, मग परळच्या आमच्या चर्चमध्ये यायची, पाळकसाहेबांना शहाणपण मागायची, तिथून सरकार आणि शेवटी पृथ्वीवरची सगळी राष्ट्रं. आई परळच्या एका इस्पितळात नर्स होती. दिवसभर उभी असलेली. बाबा राष्ट्रांपर्यंत पोचले की ती दीर्घ श्वास सोडायची, आणि तो श्वास ऐकून बाबा उरलेली राष्ट्रं एकत्र उरकायचे. प्रार्थना संपली की बाबा डोळे उघडून शांतपणे म्हणायचे, "शांता, 'आमच्यावर कृपा कर आणि आमचं रक्षण होवो' असं म्हणालीस. मधेच कर्ता बदलला." आई म्हणायची, "देवाला कळलं असेल," आणि पानं घ्यायला उठायची.

मी त्यांची एकुलती एक. लग्नानंतर आठ वर्षं मूल नव्हतं, आठ वर्षं रोज संध्याकाळी सातला त्यांनी मला मागितलं होतं. ही गोष्ट मला लहानपणापासून इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितली होती की आपण जन्मलो नसून एखाद्या अर्जाला आलेलं उत्तर आहोत असं मला वाटायचं. नगरची आत्या आली की माझ्या डोक्यावर हात ठेवून डोळे पुसायची. अशा मुलीला पंधराव्या वर्षी प्रार्थनेत जांभया येऊ लागल्या म्हणजे काय होत असेल, ते बघा.

देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं नाही. तेवढंही काही घडलं नव्हतं. उडाला असता तर मी निदान वाद घातला असता, रडले असते, शाळेतल्या मैत्रिणींपुढे मिरवले असते. मला फक्त काही वाटत नव्हतं. गाणी पाठ होती, वचनं पाठ होती, संडे स्कूलची बक्षिसं कपाटावर होती, आणि आत सगळं थंड. मग मी माझ्यापुरती एक सोय करून ठेवली. एक प्रार्थना तयार केली. आभार, पापांची क्षमा, आईबाबांचं आरोग्य, अभ्यास, आमेन. चाळीस सेकंदांत बसायची. आवाज कुठे जड करायचा, कुठे थांबायचं, सगळं ठरलेलं. ती म्हणत असताना मी मनातल्या मनात दुसऱ्या दिवशीचं शाळेचं वेळापत्रक आठवू शकायची. आज पंच्याऐंशीच्या घरात आल्यावर माझं लक्ष एका वेळी एकाच गोष्टीवर धडपणे टिकत नाही, तेव्हा ते कौशल्य आठवून थोडा हेवाच वाटतो.

पण ही प्रार्थना मी जुलैत तयार केली होती, आणि ती सुधारायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. दिवाळी होऊन गेली. हवेत गारवा आला, आई गोधड्या उन्हात टाकू लागली. एका संध्याकाळी मी डोळे मिटून, आवाज जड करून म्हणाले, "आणि आज तू जो सुंदर पाऊस दिलास त्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो."

मी पुढे जाऊन आमेनपर्यंत पोचले. डोळे उघडले तर आई खिडकीबाहेर बघत होती.

"कोणता पाऊस?" बाबांनी विचारलं.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "हा मजकूर किती दिवस चालू आहे?"

"जुलैपासून."

आईला हसू आलं. तिने तोंडावर पदर धरला, पण खांदे हलत होते. बाबा हसले नाहीत. मला वाटलं आता आत्याला पत्र जाणार, पाळकसाहेब येणार. म्हणून मी एकदम खरं तेच सांगून टाकलं. "बाबा, मला काही वाटतच नाही. कोणी ऐकतंय असं वाटत नाही, ऐकत नाही असंही वाटत नाही. मला भूक लागलीय एवढंच वाटतं."

बाबा बराच वेळ सतरंजीच्या कडेचा दोरा ओढत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे असं होतं. एकच मजकूर चौथ्यांदा वाचला की डोळे नुसते पुढे सरकतात. चुकीचा शब्दसुद्धा बरोबर दिसतो. तेव्हा मी एका वेळी एकच ओळ वाचतो. बाकीच्या कागदावर पट्टी ठेवून." त्यांनी चष्मा परत लावला. "उद्यापासून तू एकच वाक्य म्हणायचं. रोज नवं. आणि ते खरं पाहिजे."

"खरं काही सुचलं नाही तर?"

"तर तेच सांगायचं. पण बसायचं. रोज, सातला."

दुसऱ्या दिवशी माझी पाळी आल्यावर मी म्हणाले, "देवा, मला तुला काही सांगायचं नाही. आमेन." बाबा गंभीरपणे "आमेन" म्हणाले. आईचा चेहरा इतका खुलला की काय सांगावं. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "कालच्यासारखंच." बाबांनी मान हलवली. "हा कालचाच मजकूर झाला. नवा दे." मी पुष्कळ विचार केला आणि अखेर म्हणाले, "देवा, आज बोंबील खारट झालेत." ते मी शिजताना चाखून पाहिले होते, त्यामुळे वाक्य शंभर टक्के खरं होतं.

आईची पाळी माझ्यानंतर होती. तिने डोळे घट्ट मिटले. "हे प्रभू," ती म्हणाली, "ज्यांना आमच्या हातचं खारट लागतं, त्यांना स्वतः चुलीपाशी बसायची बुद्धी दे." यावर बाबांनी व्याकरणाची एकही चूक काढली नाही. जेवताना कोणी कोणाशी बोललं नाही, पण बोंबील सगळे संपले.

आमच्या आणि शेजारच्या खोलीमध्ये नुसतं लाकडी पार्टिशन होतं, तेही छतापर्यंत न पोचलेलं. पलीकडे परबकाकी राहायच्या. मूळच्या मालवणच्या. अंगाने रुंद, आवाजाने त्याहून रुंद. त्यांचे यजमान परबकाका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते आणि बोलायचं सगळं काम त्यांनी बायकोवर सोपवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी नळावर काकींनी मला गाठलं. "काय गो करुणा, बोंबील खारट झाले काय काल?"

मी शरमेने लाल झाले. काकींना त्याचं काही नव्हतं. इतकी वर्षं आमची प्रार्थना त्या पार्टिशनपलीकडून ऐकत आल्या होत्या, आणि पहिल्यांदाच त्यात काहीतरी समजण्यासारखं आलं होतं. त्यांनी हंडा खाली ठेवला. "माझ्या गुडघ्याचा पण सांग त्येका. तुमच्या देवाक मराठी समजता मां?"

संध्याकाळी मी म्हणाले, "देवा, परबकाकींचा उजवा गुडघा दुखतोय."

पार्टिशनपलीकडून आवाज आला, "डावो गो. डावो."

"डावा," मी दुरुस्त केलं. "आमेन."

बाबांनी मला नंतर बाजूला घेतलं. मला वाटलं रागावणार. पण ते म्हणाले, "माहिती आधी तपासून घ्यावी." झालं, तेव्हापासून रोज शाळेतून आल्यावर मी काकींकडे जाऊन गुडघ्याची चौकशी करू लागले. गुडघ्यावरून गोष्ट त्यांच्या मालवणच्या घराकडे जायची, तिथून दोन लहानपणीच गेलेल्या मुलांकडे. ते मला पंधरा वर्षांत माहीत नव्हतं. एका भिंतीचं अंतर, तीही छतापर्यंत न पोचणारी. त्या संध्याकाळी माझं वाक्य होतं, "देवा, काकींना दोन मुलं होती, हे मला आज कळलं." पलीकडून काही आवाज आला नाही.

हळूहळू वाक्यं सापडायला लागली. सगळीच चांगली नव्हती. "गणिताच्या बाई मला आवडत नाहीत" हे लागोपाठ तीन दिवस वेगवेगळ्या शब्दांत सांगून झालं, तेव्हा बाबा म्हणाले, आता त्यांच्याबद्दल एखादी दुसरी खरी गोष्ट शोध. मी शोधली. बाईंच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि त्या तो सेफ्टी पिनने लावून यायच्या. ते सांगितल्यावर बाई मला पूर्वीइतक्या नावडेनात, आणि याचा मला जरा रागच आला. पण आतला थंडपणा गेला होता असं मात्र नाही. नाताळला चर्चमध्ये सगळे उभे राहून गात होते, शेजारची बाई रडत होती, आणि मी तिच्या पदरावरची फुलं मोजत होते. घरी येऊन सांगितलं, "देवा, आज नाताळ होता आणि मला करंज्यांशिवाय काही आवडलं नाही." आई म्हणाली, "निदान करंज्या तरी."

बाहेर तेव्हा सगळं तापलेलं होतं. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, ही घोषणा चाळीतलं दोन वर्षांचं पोरही बोबड्या बोलात देत होतं. गिरणीच्या दारात सभा, नाक्यावर सभा. पाळकसाहेबांनी चर्चमध्ये सांगितलं होतं की प्रार्थनेत राजकारण आणू नये. बाबा पाळकांचा शब्द मानणारे होते, पण शब्दांच्या बाबतीत स्वतःचं मत ठेवणारेही होते. एका संध्याकाळी राष्ट्रांपर्यंत पोचल्यावर ते क्षणभर अडखळले, मग म्हणाले, "आणि आमच्या महाराष्ट्राला न्याय मिळू दे. आमेन." आम्हीही आमेन म्हणालो. आई उठायला लागली. बाबांनी पुन्हा डोळे मिटले. "मुंबईसह," ते म्हणाले. "आमेन." पलीकडून परबकाकांचा खोकल्यासारखा आवाज आला. ते हसत होते, असं काकींनी नंतर सांगितलं. मी त्यांना हसताना कधी पाहिलेलं नव्हतं.

मग जानेवारीतला तो आठवडा आला. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राकडे ठेवणार, असं जाहीर झालं होतं. शाळा बंद, ट्राम बंद, दुकानांच्या फळ्या लावलेल्या. आईची ड्यूटी होती आणि तिला घरी सोडलं नव्हतं. जखमी माणसं येत होती. बाबा सकाळीच छापखान्यात गेले होते. पत्रकं छापायची होती आणि त्यात चूक राहिलेली त्यांना खपली नसती. परबकाका मोर्चाबरोबर फोर्टात गेले होते. दुपारी गॅलरीत बातम्या येऊ लागल्या. गोळीबार झाला म्हणे. गिरगावात झाला, लालबागलाही झाला. किती माणसं गेली याचा आकडा प्रत्येक जण वेगळा सांगत होता. मी कठड्याला धरून रस्त्याकडे बघत उभी राहिले. एरवी माणसांनी भरलेला तो रस्ता रिकामा होता, आणि त्यावर एकच चप्पल उलटी पडली होती.

सात वाजायला आले तेव्हा परबकाकी आमच्या खोलीत आल्या. डावा पाय ओढत. त्यांनी सतरंजी पसरली आणि बाबांच्या जागी बसल्या.

"सात वाजले मां?" त्या म्हणाल्या. "मग सांग."

"काकी, बाबा नाहीत."

"म्हणानच सांग."

मी बसले. डोळे मिटले. काहीच सुचेना, तेव्हा तोंडातून आपोआप ती जुनी चाळीस सेकंदांची प्रार्थना सुरू झाली. हे आमच्या स्वर्गातील पित्या, आजच्या दिवसाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. तिथे मी थांबले. ते खोटं होतं. त्या दिवसाबद्दल मला कोणाचेही आभार मानायचे नव्हते. काकींच्या श्वासाचा आवाज येत होता.

"गप कित्या रवलंस?"

"देवा," मी म्हणाले, "मला भीती वाटतेय." आणि मग थांबताच आलं नाही. "माझे बाबा घरी यायला पाहिजेत. काकाही यायला पाहिजेत. आई तिकडे आहे, मला इथे एकटीला काय करायचं ते कळत नाही."

"निळो शर्ट आसा म्हणान सांग," काकी हळूच म्हणाल्या. "गर्दीत त्येका गावतलो कसो?"

"काकांचा शर्ट निळा आहे."

"भुवयेवर खूण आसा. मशीन लागलेला."

"भुवईवर खूण आहे. डाव्या की उजव्या?"

"उजव्या."

"उजव्या. आणि बाबांचा सदरा पांढरा आहे, चष्मा जाड आहे, चष्मा नसला तर त्यांना समोरचं माणूस ओळखू येत नाही, बोटांना शाई असेल. ते भिडस्त आहेत, कोणाला रस्ता विचारणार नाहीत." आम्ही दोघी अशा एकामागून एक खुणा सांगत बसलो होतो, हरवलेल्या माणसांची पोलीस चौकीत वर्दी द्यावी तशा. आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी कोणालातरी सांगत होते. हे मला कधीही नीट समजावून देता आलेलं नाही, आजही देता येणार नाही. प्रकाश वगैरे काही पडला नाही. इतके दिवस मी वाक्यं ठेवून उठत होते. त्या दिवशी ती कोणीतरी घेत होतं. बस, इतकंच. भीती होती तेवढीच होती, पण तिच्याजवळ आता मी एकटी नव्हते.

साडेसातनंतर बाबा आले. गिरगावातून गल्ल्यागल्ल्यांतून चालत. डोळे अश्रुधुराने सुजलेले, चष्म्याची एक काच तडकलेली, सदऱ्यावर एक मोठा तपकिरी डाग. तो रक्ताचा होता, पण त्यांचा नव्हता. काकींना बघून नमस्कार केला आणि भिंतीला टेकून बसले. थोड्याच वेळात इस्पितळातल्या एका वॉर्डबॉयबरोबर आईची चिठ्ठी आली. परब सापडले. पायात गोळी लागली होती, काढली. जिवाला धोका नाही. मी काकींना वाचून दाखवली. काकींनी पुन्हा वाचायला लावली, पायाचं तेवढंच. मग त्या रडल्या, चांगल्या मोठ्याने, आणि रडून झाल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "खयच्या पायात? गुडघ्यात नाय मां?" गुडघ्यातच होती, ते दुसऱ्या दिवशी आईने सांगितलं. काका जन्मभर लंगडले. काकी येईल त्याला सांगायच्या की प्रार्थना पोचली होती, पण गुडघा कोणाचा ते करुणाने नीट सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई घरी आली होती. आम्ही सातला बसलो. गीत झालं, वाचन झालं. बाबांची पाळी आली आणि बाबा गप्प राहिले. मी डोळे किलकिले करून पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते पण आवाज नव्हता. मग त्यांनी हात माझ्याकडे केला. "करुणा, मला आज काही येत नाही. तू कर."

ज्या माणसाने आठ वर्षं रोज मला मागितलं, ज्याला आमेननंतरही मुंबई आठवत होती, त्याला काही येत नव्हतं. मला तेव्हा जे वाटलं ते दुःख नव्हतं, खरं तर धक्काही नव्हता. आपल्यासारखंच आणखी एक माणूस या सतरंजीवर बसलंय असं वाटलं. मी प्रार्थना केली. चांगली लांब झाली, नगरपर्यंत जाऊन आले. त्यात एका ठिकाणी कर्ता बदललाही असेल. बाबांनी तो दुरुस्त केला नाही.

असे नऊ दिवस गेले. बाबा रोज सातला सदरा घालून बसायचे आणि मला खूण करायचे. जेवायचेही नाहीत धड, दोन घास घेऊन ताट सरकवायचे. आईने विचारलं तर म्हणायचे, पोट बरं नाही. आई नर्स होती, तिने पोटाचं औषध दिलं नाही. तिने मला एवढंच सांगितलं, "तू चालू ठेव." काही दिवस माझ्याही तोंडात शब्द नसायचा. एका दिवशी तर जुना थंडपणा सरळ परत आला, जणू मधे काही घडलंच नव्हतं. मी सांगितलं, "देवा, आज परत काही वाटत नाही." आणि बसून राहिले. तो नंतरही येत राहिला, अजून येतो. माटुंग्याच्या या फ्लॅटमध्ये मी सातला एकटी खुर्चीवर बसते, गुडघे आता माझेही गेले आहेत, आणि कित्येक संध्याकाळी एका कोरड्या वाक्यापलीकडे काही होत नाही. नातसून विचारते, आजी, कंटाळा येत नाही? येतो, असं मी तिला सांगते.

दहाव्या दिवशी माझी प्रार्थना संपत आली होती. मी आमेन म्हणणार तोच बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"छापखान्याच्या कोपऱ्यावर तो माझ्या अंगावर पडला," ते म्हणाले. डोळे मिटलेले होते, आणि ते आमच्याशी बोलत नव्हते. "वीस-बावीस वर्षांचा असेल. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मला त्याचं नाव विचारता आलं नाही. तुला माहीत आहे."

मग आई "आमेन" म्हणाली, आणि मी म्हणाले, आणि सर्वांत शेवटी बाबा. त्या रात्री आईने साधी आमटी आणि सुकट केलं होतं. बाबांनी दोनदा भात मागून घेतला.